भैय्याजींच्या पोटातला नळ आणि त्याची चार मापं

नंदनवन, नागपूर
रविवार, ९ फेब्रुवारी १९८६

सौ. शोभाताईंना कौसल्याचा मनापासून जयभीम.

तुमचं भिलाईहून आलेलं कार्ड मिळालं. भाऊजींची पाठ आता कशी आहे? लतिकाचा मॅट्रिकचा अभ्यास सुरू असेल. तिला सांगा, भूमितीत घाबरण्यासारखं काही नाही. (हे वाक्य मी दर वर्षी लिहिते. या वर्षी लिहिताना माझा हात थोडा अडला. का ते पुढे कळेल.) इकडे सगळे बरे आहेत असं पत्राच्या सुरुवातीला लिहायची पद्धत आहे, म्हणून मीही लिहायला घेतलं. पण 'बरे' म्हणजे किती बरे, आणि ते कोणत्या यंत्राने मोजायचं, याबद्दल आमच्या घरात सध्या चार मतं आहेत. तेव्हा ते वाक्य तूर्त राहू द्या. सगळं पहिल्यापासून सांगते. म्हणजे निदान तुमचा तरी गोंधळ होणार नाही. माझा झालेलाच आहे.

जानेवारीतल्या एका रविवारी जेवण झाल्यावर भैय्याजी बाजेवर उताणे पडले होते. तुमच्या वडिलांची सवय तुम्हाला ठाऊक आहे, पेपर वाचून झाला की घडी करून पोटावर ठेवतात आणि चष्मा काढून त्या घडीवर. मी भांडी आवरत होते, तर चष्मा उड्या मारताना दिसला. एक, दोन, तीन, अगदी तालात. आईंना (म्हणजे तुमच्या आईंना, माझ्या आईला असली भांडणं करायला वेळ कुठे मिळाला) वाटलं, हे आपल्याला तोंड दाबून हसून राहिले. त्या चिडल्या. "काहून हासता गा? भाजीत मीठ कमी होतं तर तोंडानं सांगा ना!" भैय्याजींनी पोटावर हात ठेवला, डोळे मिटले आणि थोड्या वेळानं शांतपणे म्हणाले, "पार्वती, अंदर पंप चालू हाय." नगरपालिकेच्या नळखात्यात चौतीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाला आपल्या पोटात पंप सापडला याचं त्यांना भय वाटलं नाही. जुना ओळखीचा माणूस भेटल्यासारखं त्यांचं तोंड झालं. मला मात्र भय वाटलं.

दुसऱ्याच दिवशी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही हातांची बोटं पोटात रुतवून अंदाज घेतला आणि सांगितलं की कमरेच्या वर, मणक्याला लागून जी शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी जाते, तिला फुगा आलाय. ती दोन सेंटिमीटर रुंद असायला हवी, ही साडेसहा लागते. पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे डॉ. मुकुंद पांढरीपांडे भेटले. वय तिशीच्या आतबाहेर, केस विरळ आणि बोलणं गोड. त्यांनी आधी साधा एक्स-रे काढला. त्यात त्या रक्तवाहिनीच्या भिंतीवर चुना जमून एक पांढरी रेघ उमटली होती. माप आलं सात. मग सोनोग्राफी केली. पोटावर थंडगार मलम लावून एक मूठभर यंत्र फिरवतात आणि पडद्यावर राखाडी रंगात पाऊस पडल्यासारखं काहीतरी दिसतं. पहिल्यांदा जरा जास्त आलं, पण ते यंत्र तिरकं धरलं गेलं होतं, म्हणून डॉक्टरांनी स्वतःच खोडलं. (काकडी तिरकी कापली की चकती मोठी निघते, तसंच. हे मला लगेच समजलं. समजलेली ही शेवटची गोष्ट.) नीट आडवं धरल्यावर आलं पाच पूर्णांक सहा. आणि मग मांडीतून नळी घालून रक्तात औषधी रंग सोडून एक्स-रे काढले. त्या फोटोत रक्तवाहिनी कशी स्वच्छ, देखणी दिसते म्हणून सांगू! चारही तपासण्यांत ही सगळ्यात मोठी, सगळ्यात त्रासाची आणि सगळ्यात रुबाबदार. तिचं माप आलं तीन पूर्णांक चार.

ताई, एकच माणूस, एकच पोट, एकच रक्तवाहिनी आणि मापं चार: साडेसहा, सात, पाच पूर्णांक सहा, तीन पूर्णांक चार. डॉक्टरांचं म्हणणं असं, की साडेपाचच्या वर असेल तर ऑपरेशन करायला हवं, नाहीतर तो फुगा कधीतरी फुटतो आणि मग दवाखाना गाठायलाही वेळ मिळत नाही. बराच खाली असेल तर थांबून बघायचं. एकाहत्तराव्या वर्षी पोट उघडणं हीदेखील साधी गोष्ट नाही, हे त्यांनी लपवलं नाही. म्हणजे भैय्याजींचं पोट उघडायचं की नाही, हे कोणता आकडा खरा यावर ठरणार होतं. आणि भैय्याजींनी घरी आल्या आल्या जाहीर करून टाकलं, "चारही मापं जुळत नाही तोवर मी पोटाले हात लावू देत नाही. नळ मोजता येत नसन तर खोदकाम काहून करता?"

मी वीस वर्षं सातवीच्या मुलींना वर्तुळाचा व्यास शिकवते. फळ्यावर कंपासनं वर्तुळ काढते, मधून रेघ मारते आणि म्हणते, हा व्यास. इतक्या वर्षांत एकाही मुलीनं विचारलं नाही की बाई, आतल्या कडेपासून की बाहेरच्या? मलाही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात वर्तुळ काढलं आणि मी तशीच उभी राहिले, खडू हातात धरून. मुलींना वाटलं, बाई प्रार्थना करतात.

घरात मग ज्यानं त्यानं आपापल्या स्वभावाप्रमाणे एकेक आकडा धरला. आईंनी तीन पूर्णांक चार धरला. शेजारीपाजारी कोणी विचारलं की त्या सांगत, "तीन-साडेतीन हाय, काही नाही, सर्दीखोकल्यासारखं." तिकडे खाप्याला बायजाआत्यांना कोणीतरी सात कळवलं. त्या वांग्यांची पिशवी घेऊन आल्या आणि बसमधून उतरल्यापासून रडतच घरात शिरल्या. "सात? अन् माहा भाऊ चालून राहिला?" भैय्याजी तेव्हा अंगणात उकिडवे बसून टाकीचा व्हॉल्व्ह दुरुस्त करत होते. आईंना ते सात अजिबात खपलं नाही. दोघी ओसरीवर समोरासमोर बसल्या. आत्या सातावरून खाली यायला तयार नाहीत आणि आई साडेतीनावरून वर. मी आत पोळ्या लाटत ऐकत होते, मला बुधवार बाजारात उभं असल्यासारखं वाटलं. "बरं, सहा धर वं." "सहा कायले? चार म्हण." शेवटी चहा आला तेव्हा पाचावर तडजोड झाली आणि दोघींनी डोळे पुसले. डॉक्टरांनाही पाचच सांगा म्हणाल्या, म्हणजे कोणालाच त्रास नाही.

तुमच्या भावाची तऱ्हा निराळी. कचेरीत वीस वर्षं तक्ते भरून त्यांचा कागदावर फार विश्वास बसलाय. त्यांनी चारही आकड्यांची बेरीज केली, बावीस पूर्णांक पाच. चारनं भागलं, पाच पूर्णांक सहा दोन पाच. आणि सोनोग्राफीचा कागद माझ्यापुढे नाचवत म्हणाले, "पाहा! जुळलं!" ताई, मला रडावं की हसावं कळेना. मी म्हटलं, "अहो, एक माणूस विहीर बाहेरून मोजतो, एक आतून, एक तिची सावली मोजतो आणि एक डोळे मिटून चाचपतो. चौघांची सरासरी काढून विहीर मिळते का?" ते म्हणाले, "पण उत्तर तर बरोबर आलं." आलं खरं. माझ्या वर्गात उत्तर बरोबर आणि रीत चूक असेल तर मी शून्य देते. त्यांना शून्य दिलं, तर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. (पण जेवले.)

मग मी एकटीच पांढरीपांडे डॉक्टरांना भेटायला गेले. मनात एक गोष्ट डाचत होती. कंपाउंडरकडून कळलं होतं की डॉक्टर एक प्रबंध लिहितायत. विषय हाच, रक्तवाहिनीची रुंदी मोजायला कोणती पद्धत किती खरी. प्रत्येक रोग्याची सगळी मापं आधी घ्यायची आणि ऑपरेशनच्या वेळी पोट उघडलं की खऱ्या रक्तवाहिनीला कॅलिपर (जाडी मोजायचा चिमटा) लावून शेवटचं माप घ्यायचं. ते खरं धरायचं आणि बाकीची त्याच्याशी ताडून बघायची. आतापर्यंत सोळा रोगी झालेत, भैय्याजी सतरावे. म्हणजे आमच्या म्हाताऱ्याचं पोट त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी उघडणार की प्रबंधाच्या तक्त्यासाठी? मी विचारायला गेले खरी, पण मला असलं विचारता येत नाही. आधी त्यांच्या आईची चौकशी केली, मग हवेबद्दल बोलले, मग भस्सकन विचारून टाकलं.

डॉक्टर रागावले नाहीत. टेबलावरची पेन्सिल सरळ केली. म्हणाले, दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले होते. त्यांचा फक्त रंगाचा फोटो काढला होता. माप चारच्या आत. सगळ्यांना बरं वाटलं, घरी पाठवलं. तीन आठवड्यांनी फुगा फुटला. "रंगाचा फोटो खोटा नव्हता, बाई. रक्त जिथून वाहतं तेवढं तो दाखवतो. भिंतीला आतून रक्त साकळून जाड थर बसला होता, तो फोटोत येत नाही. बाहेरून ती केवढी झाली होती ते आम्ही पाहिलंच नाही." मग म्हणाले, "प्रबंध त्यांच्यासाठी लिहितोय. तुमच्या सासऱ्यांसाठी ऑपरेशन आहे." साध्या एक्स-रेचं सांगितलं की दिव्यापुढे हात धरला की भिंतीवर पंजा मोठा पडतो, म्हणून सात. बोटांना वरची चरबी आणि कातडीही लागते, म्हणून साडेसहा. मला तिथे बसून सगळं पटलं. घरी येईपर्यंत पुन्हा गोंधळ. कारण चारांपैकी तीन आकडे का चुकले ते कळलं, पण म्हणून चौथा बरोबर कशावरून? तोही एखाद्या नव्याच कारणानं चुकला असेल. उरलेला मुलगा हुशारच असेल असं थोडंच असतं.

ही शंका मी भैय्याजींपुढे मांडली. मला वाटलं होतं ते वैतागतील. तर ते उठून बसले. "बरोबर बोलली वं कौसल्या. यंत्र तपासल्याबिगर माप खरं मानाचं नाही." आणि ताई, सोमवारी सकाळी सायकल-रिक्षात ते, मी, एक निळी प्लॅस्टिकची बादली आणि पिशवीत बागेला पाणी घालायच्या काळ्या रबरी नळीचे तीन तुकडे, एक बारीक, एक मध्यम, एक जाड, असे निघालो. सोबत नोकरीतलं त्यांचं कॅलिपर, तेल लावून फडक्यात गुंडाळलेलं. (आधी लोखंडी नळाचा तुकडा घेतला होता. डॉक्टरांनी निरोप पाठवला की लोखंडातून आणि हवेतून ते यंत्र बघू शकत नाही, पाणी हवं.) सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर सगळ्या दिवस गेलेल्या बायका बसलेल्या. त्यांच्यात आम्ही बादली घेऊन. एकीनं न राहवून विचारलं, "काकाजी, बादलीले काय झालं?" भैय्याजी म्हणाले, "आत गेल्यावर समजन, पोरी."

पांढरीपांडे डॉक्टरांनी त्यांना हाकलून दिलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी दार लावून घेतलं. यंत्राच्या मुठीवर प्लॅस्टिकची पिशवी चढवली, बादलीत पाणी भरलं, नळी बुडवली आणि मोजलं. भैय्याजी पडद्याकडे पाठ करून उभे, कारण बघितलं तर मन तिकडे ओढतं म्हणाले. डॉक्टरांनी तिन्ही आकडे कागदावर लिहिले. मग भैय्याजींनी नळ्या पुसल्या, कॅलिपर लावलं आणि आपले आकडे लिहिले. कागद शेजारी ठेवले. एकात रेघेचाही फरक नाही, दुसऱ्यात अर्धा मिलिमीटर, तिसऱ्यात एक. भैय्याजींनी कागद दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "एक मिलिमीटर? चालते. आमच्या खात्यात याच्याहून जास्त चालून जाये." मग डॉक्टरांनी प्रबंधासाठी वापरायचं ते कॅलिपर दाखवलं. भैय्याजींनी ते बंद करून उजेडात धरलं आणि म्हणाले, "साहेब, याचा शून्य शून्यावर नाही." खरंच नव्हता. एक मिलिमीटरनं पुढे होता. डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. सोळा रोग्यांची सोळा मापं! भैय्याजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका. सगळ्यांतून एक-एक वजा करा. चुकलं ते सारखंच चुकलं हाय."

मग ते तिथेच स्टुलावर बसले आणि आम्हा दोघांना समजावून सांगायला लागले. इतवारीतला जुना नळ उकरून काढला की बाहेरून कसा दोन इंची असतो, आणि कापून बघावं तर आत क्षाराचा थर बसून पेन्सिलही जात नाही. "रंग सोडला तर काय दिसन? पाण्याची धार दिसन. नळ कुठं दिसते? अन् फुटते तो नळ. धार नाही फुटत." डॉक्टर ऐकत होते. मला वाटतं त्यांनी ते कुठेतरी लिहूनही घेतलं. मग भैय्याजींनी पोटावरून हात फिरवला, जणू ते दुसऱ्या कोणाचं आहे, आणि म्हणाले, "पाऊण इंची नळ सव्वादोन इंची झाला म्हणता. बदलाच लागन. कधी बदलता?"

गुरुवार, वीस तारीख ठरली आहे. ऑपरेशन मोठे सर्जन करतील, पांढरीपांडे डॉक्टर सोबत असतील. फुगा आलेला भाग बाजूला सारून कापडाची विणलेली नळी शिवतात. भैय्याजींनी कापड हातात घेऊन ओढून पाहिलं आणि 'पास' म्हणाले. फॉर्मवर सही करून दिली. आता सगळे निश्चिंत आहेत. आई रोज कोणाला तरी पाच सांगतात. तुम्ही मुळीच काळजी करू नका आणि येण्याची काही गरज नाही. लतिकाची परीक्षा तोंडावर आहे, भाऊजींची पाठ दुखते आहे आणि इकडे आम्ही सगळे आहोतच. ऑपरेशन झालं की तार करू.

भाऊजींना जयभीम, लतिकाला खूप खूप लाड.

तुमची,
कौसल्या

ता. क. हे पत्र भैय्याजींनी मागून घेतलं आणि लाल पेन्सिल घेऊन वाचलं. त्यांच्या दुरुस्त्या अशा: नळखात्यात चौतीस नव्हे, चौतीस वर्षं सात महिने. कापडाची नळी त्यांनी 'पास' केली नाही, 'चालून जाईन' म्हटलं. 'येण्याची काही गरज नाही' या ओळीखाली त्यांनी दोन रेघा मारल्या आहेत. ती ओळ त्यांच्याच सांगण्यावरून घातली आहे.

ता. क. (२) तुमच्या भावानं सांगितलंय की ऑपरेशनच्या वेळी कॅलिपरचं माप पाच पूर्णांक सहाच निघालं, तर माझं शून्य मी मागे घ्यायला हवं. मी म्हटलं, बघू.

ता. क. (३) हे मी वेगळ्या कागदावर लिहिते आहे. भैय्याजी आता फुलांच्या कुंड्यांना पाणी घालायला गेलेत. हे त्यांनी वाचलेलं नाही.

फॉर्मवर एक रकाना होता, 'शस्त्रक्रियेच्या वेळी हजर राहणारे नातेवाईक'. मला वाटलं, तुमच्या भावाचं नाव लिहितील. भैय्याजींनी स्वतःच्या हातानं लिहिलं: शोभा, मुलगी. खाली भिलाईच्या क्वार्टरचा पूर्ण पत्ता, सेक्टर, रस्ता सगळं. मी म्हटलं, अहो, पण त्या तिकडे आहेत, आणि तुम्हीच तर त्यांना बोलावू नका म्हणता. तर म्हणाले, "बोलावू नको. तिचं घर हाय, पोरीची परीक्षा हाय. पण खरं माप पोट उघडल्यावर निघन, अन् मी तर बेशुद्ध राहीन. कोणीतरी डॉक्टरपासून ऐकून घ्याले पाहिजे. रवी भागाकार करन. तुही सासू कमी करन. तू रडशीन वं. शोभी लहानपणी मोजाच्या टेपचं दुसरं टोक धरे, अन् जेवढं दिसे तेवढंच सांगे." मी पाणी दिलं, ते प्यायले नाहीत. पेल्यावर हात ठेवून बसले. बावीस वर्षांत मी त्यांना कशाची भीती वाटलेली पाहिली नव्हती, आणि अजूनही ती त्यांनी मला नीट दिसू दिली नाही.

तुमचं नाव लिहिलं याचं मला वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं. पण त्यांचं बरोबर आहे, मी रडेन. आत्ताही रडतेच आहे, म्हणून दोन अक्षरं फुटली आहेत.

ताई, बुधवारी एकोणीसला सकाळच्या गाडीनं या. लतिकालाही घेऊन या, तिची भूमिती मी बघते. आणि मी बोलावलं हे त्यांना कळू देऊ नका. विचारलं तर आपणहून आले म्हणा. पत्र बघायला मागितलं तर वरची पानं काढून द्या. त्यात येऊ नका असं मी स्वच्छ लिहिलेलं आहे, आणि त्याखाली त्यांच्याच दोन रेघा आहेत.